इंदूबाईची पांदण आणि एक्केचाळीस हजार वावरं

देवमन वानखडे यांचा लॅपटॉप सतरा एप्रिलपासून कूलरसमोर बसला होता आणि घरची माणसं पंख्याखाली. अकोल्यात एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात कूलरसमोरची जागा सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. दीपमालाबाईंनी, म्हणजे देवमनरावांच्या पत्नीनं, चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच स्पष्ट सांगून टाकलं की या घरात एक तर ते यंत्र राहील नाहीतर मी. देवमनराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तीस तारखेपर्यंत ते राहू दे." आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं जेवायला बसल्यावर, कारण ताटात नुसतं वरण होतं.

लॅपटॉप पांदणी शोधत होता. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या वावरांमधून जाणारा जुना गाडीरस्ता. दोन्हीकडे हिवर आणि बोरी, मधे चाकांच्या चाकोऱ्या, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. देवमनरावांच्या गावची, उमरखेडीची, पांदण त्यांच्या लहानपणी इतकी रुंद होती की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवाले आधी तंबाखू मळत आणि मग आपापल्या वाटेनं जात. वस्तीतली पोरं त्या पांदणीनंच शाळेत जायची. खरा जवळचा रस्ता गावातून होता, पण त्या रस्त्यावरच्या काही ओट्यांवर काही माणसं बसलेली असत, आणि त्यांच्यासमोरून जाण्यापेक्षा लांबचा फेरा बरा, असं वस्तीतल्या प्रत्येक आईला वाटे. पोरांना त्यातलं काही कळत नसे. पांदणीत बोरं होती, म्हणून आपल्यालाच चांगला रस्ता मिळाला आहे अशी त्यांची समजूत होती, आणि देवमनरावांची ती समजूत पुढेही पुरती गेली नाही.

आता त्या जागी तूर आणि कपाशी होती. देवमनरावांची मोठी बहीण इंदूबाई वडिलांचं चार एकर वावर अजून स्वतः वाहत होती, आणि त्या वावराला रस्ताच उरला नव्हता. ट्रॅक्टर न्यायचा तर दुसऱ्याच्या पिकातून, त्याचा मूड पाहून. कापूस आणायचा तर डोक्यावर. गेल्या दिवाळीत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, चालताना ती घसरली आणि मनगट मोडलं. अडुसष्टाव्या वर्षी मोडलेलं मनगट सरळ बसत नाही, तसं तेही बसलं नाही. दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून देवमनराव म्हणाले होते, "बाई, पांदण मी काढून देतो." इंदूबाई म्हणाली होती, "काढ. पन येत्या पेरनीच्या आंधी काढ, मी काई आता तुयासारखी पेन्शनवर नाई."

देवमनराव हे बोलू शकत होते, कारण ते भूकरमापक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली वावरं मोजण्यात गेली. वानखडे साहेबांची मोजणी एका आण्यानंही चुकत नाही, असं लोक म्हणत, निदान त्यांच्या ऐकण्यात तरी म्हणत. त्यात तालुक्यात पांदणी मोकळ्या करण्याची मोहीम निघाली. कोणती पांदण आज कोणकोणत्या गटांच्या पोटात गेली आहे त्याची यादी तीस एप्रिलपर्यंत दिली, की एक मेच्या ग्रामसभांत ती वाचली जाणार आणि पेरणीआधी मोजणी होणार. राहिलेल्या पांदणी पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे देवमनरावांना सरकारी नोकरीमुळे नीट ठाऊक होतं.

मोहिमेच्या समितीनं ठरवलं की यादी सबंध तालुक्याची एकदमच घेऊ, तुकड्या-तुकड्यानं नाही. मग कोणीतरी विचारलं की सबंध तालुक्याचं काम कोण करील. हे विचारताच समितीतल्या इतर नऊ निवृत्त माणसांनी एकाच वेळी चष्मे पुसायला काढले. देवमनरावांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

घाबरण्याचं कारण त्यांना तेव्हा दिसलं नाही, कारण त्यांना पायथन येत होतं. निवृत्तीनंतर स्टेशनजवळच्या क्लासला ते सहा महिने गेले होते. बाकीचे विद्यार्थी विशीतले, त्यांना अंकल म्हणायचे आणि शिकवणारी हर्षा मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची. प्रमाणपत्र बैठकीत बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली, एक हात अंतर सोडून, अदबीनं लावलेलं होतं. जुन्या नकाशांवरून तालुक्यातल्या तीनशे बारा पांदणी त्यांनी दोन महिने खपून संगणकात उतरवल्या. आजच्या गटांचा नकाशा समितीकडून मिळाला, एकूण एक्केचाळीस हजार गट. आता फक्त कोणती पांदण कोणत्या गटावर चढते एवढंच विचारायचं होतं, आणि विचारण्याचं काम यंत्र करणार होतं. स्वतःच्या गावची पांदण त्यांनी मुद्दाम शेवटी, तीनशे बाराव्या क्रमांकावर टाकली. वानखड्यांनी आधी आपलं उरकून घेतलं, असं कोणी म्हणायला नको.

यंत्र विचारत होतं, पण फार सभ्यपणे. एक पांदण घ्यायचं, पहिल्या गटाला विचारायचं, तू या पांदणीवर आहेस का. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, असं एक्केचाळीस हजारांपर्यंत. हिवरखेडच्या बाजूची पांदण तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या वावरालाही तोच प्रश्न विचारायची, आणि त्याचा एकन् एक कोपरा तपासून झाल्यावर मगच नाही असं उत्तर लिहायची. एका पांदणीला पन्नास मिनिटं लागत होती. देवमनरावांनी कागदावर मांडलं, तीनशे बारा पांदणींना दहा दिवस आणि वीस तास. हातात तेरा दिवस होते. हिशेब बसत होता, आणि हिशेब बसला की वीज मंडळाला तो आवडत नाही, हे ते विसरले.

अठरा तारखेला दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकला, लॅपटॉपची स्वतःची बॅटरी तर कधीच गेलेली, आणि प्रोग्राम बंद पडला. झालेलं काम मधे-मधे जपून ठेवायला देवमनरावांनी यंत्राला सांगितलेलंच नव्हतं. पुन्हा पहिल्या पांदणीपासून सुरुवात. एकवीस तारखेला दीपमालाबाईंनी उन्हाळी वाळवणासाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायला मिक्सर लावला आणि सबंध घराचा फ्यूज उडाला. तो अपघात होता असं त्या आजही सांगतात.

शेजारचे खुशालराव रोज सकाळी दहाला चहाला येत. हे उमरखेडीचेच, गावात त्यांचं वावर इंदूबाईच्या वावराला लागून आणि अकोल्यात त्यांचं घर वानखड्यांच्या घराला लागून. साठ वर्षांची ओळख. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला मोकळा असे.

"भाऊ, मशीन तापून राहिली ना," ते लॅपटॉपवर पालथा हात ठेवून म्हणाले. "तापलेला बैल चालन का? मटक्याले गुंडाळतो तसं ओलं फडकं गुंडाळा."

देवमनरावांनी मान हलवून नाही म्हटलं. पण त्या दिवशी पारा पंचेचाळीसवर होता आणि मनुष्य कधीकधी थकतो. त्यांनी फडकं नीट पिळून, चार घड्या करून, फक्त खाली ठेवलं. कूलरचा वारा, वाळ्याच्या ताट्या आणि ओलं फडकं यांनी मिळून जे केलं त्यात यंत्र वाचलं, पण पी हे बटण मेलं. पायथनचं पहिलं अक्षर पी आणि त्यांच्या सगळ्या पांदणींच्या नावांतलंही पहिलं अक्षर पी. पुढचे दिवस प्रत्येक पी त्यांना दुसरीकडून उचलून आणून चिकटवावा लागला.

"बटन गेलं तं गेलं," खुशालराव म्हणाले. "गार तं झालं ना."

चोवीस तारीख उजाडली तेव्हा मोजणी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालेली होती आणि हाती सहा दिवस होते. देवमनरावांनी तालुक्याला फोन लावून मुदतवाढ मागितली. पलीकडून एका शांत आवाजानं सांगितलं की मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यावरच करता येतो, त्याआधी केला तर मुदतीत केल्यासारखा होईल. पुण्याहून मुलाचा, अनुपचा, फोन आला. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही स्पेशियल इंडेक्स लावलेला नाही, म्हणून हे होतंय. मला पाठवा, मी पाच मिनिटांत करून देतो." बाकीचं सगळं देवमनरावांनी सोसलं असतं. ती पाच मिनिटं त्यांना लागली. "मी पाहून घेतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ प्रमाणपत्राकडे पाहत बसले.

पण इंडेक्स, म्हणजे सूची, हा शब्द डोक्यात राहिला. त्या शब्दाबरोबर त्यांना आठवली ती अमरावतीची नोकरीतली पहिली वर्षं, अभिलेखांची ती लांबलचक खोली, जुन्या कापडी नकाशांचा कुबट वास, आणि ती खोली सांभाळणारे बुधाजी. हजारो नकाशांतून हवा तो नकाशा बुधाजी दोन मिनिटांत आणून टेबलावर ठेवत. नवीन आलेली पोरं, त्यात देवमनही, त्यांना मागून चिठ्ठीवाला म्हणत आणि हसत. आता चाळीस वर्षांनी देवमनरावांना पहिल्यांदाच प्रश्न पडला की तो माणूस ते करायचा कसं.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून ते अमरावतीला गेले. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून वारा येत होता, नंतर नुसती वाफ. बुधाजी एक्याऐंशीचे झाले होते, राजापेठेच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहत होते. ऐकू नीट येत होतं, दिसायचं मात्र अंधुक. त्यांनी देवमनला आवाजावरून ओळखलं आणि नातसुनेला आधी गिलावडा आणायला पिटाळलं. गिलावडा संपेपर्यंत त्यांनी कामाचं काही बोलू दिलं नाही.

मग देवमनरावांनी सगळं सांगितलं. तीनशे बारा पांदणी, एक्केचाळीस हजार गट, पन्नास मिनिटं. बुधाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तू एका पांदनीपायी एक्केचाळीस हजार नकाशे उघडून राहिला?"

"मी नाई, मशीन उघडते."

"मशीन तुयीच ना. नकाशा पयल्यांदा उघडतेत काय रे येड्या? नकाशा शेवटी उघडतेत." बुधाजी खाटेवर सरळ होऊन बसले. "मी काय करो? हरेक नकाशावर एक चिठ्ठी. तिच्यावर फक्त चार बाजू. पूर्वेले कुठवर, पश्चिमेले कुठवर, दक्षिन, उत्तर. वाकडंतिकडं काई नाई, नुसती चौकट. मंग एका बस्त्यात जवळजवळचे नकाशे, अन् बस्त्यावर एक मोठी चिठ्ठी, आतल्या समद्या चौकटी बसतीन अशी. मंग खनावर चिठ्ठी. मंग कपाटावर. तुमी मले गाव सांगा, मी पयले कपाटाची चिठ्ठी पायतो. चौकट भिडत नाई? तं ते कपाट मी उघडतच नाई. त्यातले दोन हजार नकाशे मले पायाचं कामच नाई. जे भिडते त्याच कपाटाचा खन, त्याच खनाचा बस्ता. शेवटी हातात चार नकाशे रायतेत. ते उघडा अन् नीट पाहा."

आदल्या रात्री पुस्तकातल्या आकृत्यांवरून देवमनरावांना जे कळलं नव्हतं ते एवढंच होतं. पेट्यांमध्ये पेट्या, आणि जी पेटी भिडत नाही तिचं झाकणसुद्धा उचलायचं नाही.

"चवतीस वर्षांत मी कामाबिगर एक नकाशा उघडला नाई," बुधाजी म्हणाले. "म्हून ते अजून शाबूत हायेत. तुमी पोट्टे हासत होते तवा."

"हासत होतो," देवमनराव म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. बुधाजींनी हात झटकला आणि जाताना आणखी दोन गिलावडे डब्यात घालून दिले.

घरी आल्यावर देवमनरावांनी सगळं नव्यानं लिहिलं. प्रत्येक गटाभोवती एक चौकट, शेजारशेजारच्या चौकटींभोवती मोठी चौकट, असं कपाटापर्यंत. हे करताना ते गुणगुणत होते. दीपमालाबाईंनी विचारलं की बरं वाटत नाही का. सव्वीस तारखेला लिहून झालं, आणि इतके दिवस शेजाऱ्यांनी जे पाहिलं होतं त्याची भरपाई म्हणून सत्तावीसला सकाळी दहा वाजता त्यांनी प्रात्यक्षिक ठेवलं. खुशालराव आले, गल्लीतले सात-आठ जण आले, कचोऱ्या आल्या, चहा आला. इंदूबाई पहाटेच्या गाडीनं गावाहून आली आणि वाकडं मनगट मांडीवर ठेवून पुढच्याच खुर्चीत बसली.

देवमनरावांनी एक छोटं भाषण केलं. जे कपाट भिडत नाही ते उघडायचं नाही, यावर लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या पांदणीला बावन्न मिनिटं लागली. म्हणजे आधीपेक्षा दोन मिनिटं जास्त. कचोऱ्या पंधराव्या मिनिटालाच संपल्या होत्या. विसाव्या मिनिटाला एकाला बँकेत काम निघालं, तिसाव्याला दुसऱ्याच्या नळाला पाणी आलं. शेवटी पडद्यावर ओळ उमटली की ही पांदण एक्केचाळीस हजारांपैकी एक्केचाळीस हजार चौकटींना भिडते. म्हणजे एकही कपाट बंद राहिलं नव्हतं. देवमनरावांच्या कानशिलांवरून घाम ओघळला, आणि ते कूलरसमोर उभे होते.

"भाऊ," खुशालराव हळूच म्हणाले, "पोराले फोन लावता का?"

"नाही."

तेवढ्यात इंदूबाई म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे. माया वावराची चौकट कोनती ते दाखव."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. देवमनरावांनी गट चौऱ्याऐंशीची चौकट नकाशावर काढायला सांगितली. पडद्यावरचं उमरखेडी आधी लहान झालं, मग दिसेनासं झालं. तालुका गेला, वऱ्हाड गेलं, देश अंगठ्याएवढा झाला. एवढ्या सगळ्याला वेढून एक निळी चौकट उभी राहिली. तिचं एक टोक आफ्रिकेतल्या वाळवंटात होतं आणि समोरचं टोक उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात.

इंदूबाईनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हे मायं वावर?"

"हो. म्हणजे, नाही."

"चार एकर म्हनून सातबाऱ्यात हाये. एवढं होतं तं मी कापूस डोक्यावर कायले आनत होती?"

"अन् मले वाटे माया धुरा तिच्या धुऱ्याले लागून हाये," खुशालराव म्हणाले. "मधात समुद्र हाये, हे मले कोनी सांगितलं नाई."

देवमनराव ऐकत नव्हते. ते स्वतःच लिहिलेली ओळ पुन्हा वाचत होते, ओठ हलवत, जसं खरेदीखत वाचतात तसं. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. चौतीस वर्षं हजारो कागदांवर त्यांनी चतुःसीमा याच क्रमानं लिहिली होती, आणि हातानं आताही त्याच क्रमानं लिहिली. बुधाजींनीही त्याच क्रमानं सांगितली होती. यंत्राला मात्र आधी पश्चिम आणि दक्षिण हवी होती, मग पूर्व आणि उत्तर. त्यानं पूर्वेच्या आकड्याला पश्चिम समजून, दक्षिणेच्या आकड्याला पूर्व समजून, तालुक्यातल्या प्रत्येक वावराची चौकट अर्ध्या जगावर ताणून ठेवली होती. अशा चौकटी एकमेकींना भिडणारच.

त्यांनी चार शब्द इकडचे तिकडे केले आणि बटण दाबलं. दीपमालाबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या होत्या, त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचल्या नाहीत तोच पडद्यावर लिहून आलं, तीनशे बारा पांदणी, काम पूर्ण. नऊ सेकंद.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, कारण नऊ सेकंदांत काही झालं यावर कोणाचा विश्वासच बसला नाही. देवमनराव घाईनं शेवटच्या पानावर गेले. उमरखेडीची पांदण सात गटांच्या पोटात होती. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले.

"गट एकशे एक..."

"सखारामचं," इंदूबाई पडद्याकडे न पाहता म्हणाली. "मंग दोन भावाइचे दोन. मंग तुकड्याचं बरड. मंग गोदाबाईचं, तिचा धुरा सरळ हाये पन खालून आत आला. मंग यायचं." यायचं म्हणताना तिनं खुशालरावांकडे बोट केलं. "झाले का सा?"

देवमनरावांनी मोजलं. सहाही बरोबर होते, क्रमसुद्धा बरोबर होता. खुशालरावांनी कप खाली ठेवला.

"बाई, तुले हे मायीत होतं?" देवमनरावांनी विचारलं.

"ज्या वाटेनं मी वीस साल कापूस आनला ती वाट कुठं गेली, ते मले मायीत नाई ऱ्हाईन?"

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू इचारलं कुठं? तू तं कंपुटरले इचारत होता."

खुशालराव उठले, "येतो भाऊ," म्हणाले आणि दीपमालाबाई दुसरा चहा घेऊन आल्या तर नको म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी वानखड्यांकडे चहाला नाही म्हटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

ते गेल्यावर देवमनरावांनी यादी खाली सरकवली आणि सातवी ओळ वाचली. गट चौऱ्याऐंशी. पांदणीचे साडेसहा गुंठे त्यात गेलेले. त्यांनी पुन्हा वाचलं. मग बहिणीकडे पाहिलं.

"आपलं हाये ते," इंदूबाई म्हणाली. "एका साली सखारामच्या बापानं नांगराचं एक तास पांदनीत टाकलं. मंग समद्यायनं टाकलं. बाबा दोन साल थांबले. मंग म्हने, मीच काय मोठा साधू हाये का. त्यायनं बी दरवर्षी एक तास घेतलं. बारा साल."

देवमनरावांना वडील आठवले ते पांदणीतलेच. पुस्तकांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर, पोराचं बोट हातात, आणि पोराला वरच्या फांदीवरची बोरं हवी म्हणून शाळेची वेळ टळेपर्यंत काठीनं फांदी ओढत उभा असलेला माणूस. त्याच माणसानं तीच पांदण वर्षाला एक तास, नांगराची एक ओळ, करून नांगरून टाकली होती. यादीतून एक ओळ काढायला संगणकाला सेकंदसुद्धा लागत नाही, हे देवमनरावांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ते सुचलं याचीच त्यांना लाज वाटली.

"आपलं लिहिलं तर तुझंच वावर कमी होईल," ते शेवटी म्हणाले.

"अन् रस्ता भेटन. तू पयले आपलंच लिही, वर. दुसऱ्याचं नाव कोन्या तोंडानं घेशीन?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "अन् बाबाचं एकट्याचं नोको लिहू. बैल मी हाकलत होती."

तीस तारखेला दोघं बहीण-भाऊ तालुक्याला गेले. तिथल्या बाबूंनी यादी चाळली आणि ते शेवटच्या पानाच्या पहिल्याच ओळीवर थांबले. उमरखेडी पांदण, अर्जदार इंदूबाई. अतिक्रमण करणारे, अर्जदाराचे वडील कालकथित सूर्यभान वानखडे आणि स्वतः इंदूबाई.

"आजी, तुमी सोताच्याच विरोधात अर्ज दिला का?"

"विरोधात कायले? रस्ता बी माया, धुरा बी माया. पयले माया धुरा काढा, मंग बाकीच्याइले म्हना."

नमुन्यात असं बसत नाही, असं बाबू म्हणाले. नमुना चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, देवमनराव म्हणाले, आणि आजी अडुसष्टची. बाबूंनी थोडा विचार केला आणि शिक्का मारला.

एक मेला ग्रामसभा उमरखेडीच्या शाळेत भरली. देवमनराव मागच्या रांगेत बसले, ज्या रांगेत ते तिसरीपर्यंत बसत होते. खुशालराव दाराशी उभे होते. त्या दिवसापासून ते चहाला आले नव्हते आणि दोघांचं बोलणंही झालं नव्हतं. ग्रामसेवकांनी यादी उघडली आणि पहिलं नाव वाचलं. कालकथित सूर्यभान वानखडे. वस्तीतले लोक देवमनरावांकडे पाहू लागले, गावातलेही पाहू लागले, आणि देवमनरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. मग इंदूबाईचं आणि त्यापुढची सहा नावं वाचून झाली. ज्यांची नावं आली ते जमिनीकडे पाहत होते.

"थांबा," दारातून खुशालराव म्हणाले. ते पुढे आले, पण देवमनरावांकडे त्यांनी पाहिलं नाही. "ते पयलं नाव चुकीचं हाये. सूर्यभानकाकाच्या आंधी आमच्या बाबानं तास टाकलं होतं. सखारामच्या बापाचं पाहून त्याच साली. आमचं नाव वर घ्या."

"मंग आमचं तं त्याच्याही वर पायजे," सखारामचा मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून एकदम गप्प झाला.

ग्रामसेवकांनी सांगितलं की छापलेल्या यादीतला क्रम बदलता येत नाही.

"कागदावर नोका बदलू," खुशालराव म्हणाले. "मोजनी झाली की जेसीबी पयले माया धुऱ्यावर चालवा. बाईच्या नंतर चालवा." मग ते मागच्या रांगेत आले, देवमनरावांच्या बाकावर बसले, आणि लहान बाकावर दोन मोठी माणसं मावेनात म्हणून जरा सरकून घ्यायला म्हणाले.

इंदूबाई पदर तोंडाशी धरून हसत होती. देवमनरावांना हसता आलं नाही. बापाचं नाव सबंध गावासमोर, सगळ्यांत आधी वाचलं गेलं होतं, आणि तरी त्यांना मान खाली घालावी लागली नव्हती.